दोन रेले : ध्वनिरचनेची संगणकभाषा आणि भामरागडचे समूहगान

१

संगणकाकडून संगीत करवून घेण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा निर्माण झाल्या, त्यांचा इतिहास आता साडेसहा दशकांहून अधिक आहे. १९५७ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्युझिक' या नावाची पहिली आज्ञावली सिद्ध केली आणि तिच्या आधारे सतरा सेकंदांची एक लहानशी रचना वाजविली गेली. पुढे १९८६ साली बॅरी व्हर्को यांची 'सीसाउंड', १९९६ साली जेम्स मॅक्कार्टनी यांची 'सुपरकोलायडर' आणि २००३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील गे वांग व पेरी कुक यांची 'चक' अशा भाषा क्रमाने पुढे आल्या. या भाषांची मूलतत्त्वे थोडी असून ती थोड्या आठवड्यांत आत्मसात करता येतात. एखादा ध्वनिस्रोत निर्माण करणे, तो श्रवणयंत्राला जोडणे, काळ पुढे नेणे, स्वरांची सूची करणे, त्या सूचीची पुनरावृत्ती करणे, निवडीत यदृच्छेला वाव देणे आणि अनेक क्रिया एकाच वेळी चालविणे, एवढ्यावर प्राथमिक अभ्यासक्रम पुरा होतो.

ही साधने तांत्रिक आहेत आणि म्हणून ती कोणत्याही संगीताला सारखीच लागू पडतात, असा समज सामान्यतः आढळतो. हा समज कितपत टिकतो याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वृत्ताची निवड कवितेच्या आशयावर परिणाम करते हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. त्याचप्रमाणे ध्वनिरचनेच्या भाषेतील प्रत्येक मूलतत्त्वात संगीत म्हणजे काय याविषयीचे एक गृहीत मत दडलेले असते. ते मत उघडे पाडण्यासाठी त्या भाषेसमोर दोन अगदी भिन्न वस्तू ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

योगायोगाने या दोन्ही वस्तूंचे नाव एकच आहे. तबल्याच्या वादनपरंपरेत 'रेला' हा द्रुत लयीतील प्रवाही बोलांचा एक रचनाप्रकार आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील माडिया गोंडांमध्येही 'रेला' आहे. परंतु तो नृत्यासह गाइला जाणारा समूहगानाचा प्रकार असून, त्याच्या ध्रुपदात वारंवार येणाऱ्या शब्दावरून त्याला ते नाव मिळाले आहे. या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे नाते आहे असे येथे सुचवावयाचे नाही. एक रेला संगणकाच्या भाषेत फार सुकरतेने उतरतो आणि दुसरा उतरताना त्या भाषेची मर्यादा दिसू लागते, एवढाच या जोडीचा उपयोग.

२

परीक्षणासाठी 'चक' ही भाषा समोर ठेवणे सोयीचे आहे. कारण तिच्यात काळाचा विचार इतर भाषांच्या मानाने अधिक स्पष्टपणे केलेला आहे. तिच्यातील सर्वांत साधी आज्ञावली तीन वाक्यांची असते. पहिल्या वाक्यात एक तरंगजनक निर्माण करून बाणाच्या चिन्हाने तो ध्वनिवर्धकाच्या दिशेने जोडावयाचा. दुसऱ्यात त्याची कंपनसंख्या, समजा सेकंदाला २२०, अशी ठरवावयाची. आणि तिसऱ्यात अर्धा सेकंद एवढा कालावधी 'नाऊ', म्हणजे 'आत्ता', या नावाच्या चलात टाकावयाचा. पहिली दोन वाक्ये कितीही अचूक लिहिली तरी तिसरे नसेल तर काहीही ऐकू येत नाही. स्वर आहे, जोडणी आहे, पण काळ पुढे सरकलेला नाही, अशी ती अवस्था असते. लेखकाने सांगितल्याशिवाय या भाषेत काळ एक पाऊलही पुढे जात नाही आणि सांगितल्यावर मात्र तो सांगितला तितकाच, ध्वनिनमुन्याच्या अचूकतेने, पुढे जातो.

ही अचूकता किती आहे याची कल्पना आकड्यांवरून येईल. ध्वनिमुद्रणात सामान्यतः एका सेकंदाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे २२,०५० नमुन्यांची होते, आणि तीनतालाचे सोळा मात्रांचे एक आवर्तन ३,५२,८०० नमुन्यांत पुरे होते. यांतील कोणत्याही एका नमुन्यावर नेमका आघात घडवून आणणे 'चक'ला शक्य आहे. कोणत्याही मानवी हाताला ही अचूकता साध्य नाही; तिची अपेक्षाही कोणी ठेवीत नाही.

यानंतरची पायरी सूचीची. स्वर किंवा आघात यांना क्रमांक देऊन त्यांची एक रांग करावयाची आणि एकामागून एक त्यांचे वाचन करावयाचे. सूची संपली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. यालाच लूप म्हणतात. त्यापुढे यदृच्छा येते : दोन मर्यादांमधील एखादा क्रमांक यंत्राने फाशाप्रमाणे निवडावा अशी आज्ञा. शेवटी समांतर क्रिया. 'चक'मध्ये एक आज्ञावली दुसरीला जन्म देऊ शकते व दोघी एकाच काळात, परंतु आपापल्या गतीने, चालू राहतात. एक ताल धरते, दुसरी स्वर गाते, तिसरी शांत राहून पाळी येण्याची वाट पाहते.

ही सर्व सामग्री एकत्र पाहिली की तिच्यातील गृहीत ध्यानात येते. संगीताचे सुटे, मोजता येण्याजोगे घटक असतात. त्या घटकांना नावे किंवा क्रमांक देता येतात. आणि त्यांची मांडणी आरंभी लिहून ठेवता येते. हे गृहीत ज्या संगीताच्या स्वतःच्या विचारातच आहे, त्याला ही भाषा जवळची वाटल्यास नवल नाही.

३

भारतीय शास्त्रपरंपरेत असा विचार फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. हा ग्रंथकार राज्याच्या हिशेबखात्यातील वरिष्ठ अधिकारी होता, ही गोष्ट त्याच्या ग्रंथातील स्वरप्रस्ताराचा भाग वाचताना विसरता येत नाही. सात स्वर प्रत्येकी एकदाच वापरून ५,०४० क्रम संभवतात. ते कोणत्या रीतीने क्रमवार मांडावेत हे तेथे सांगितले आहे. अमुक क्रमांकाचा क्रम कोणता, याला 'नष्ट' आणि अमुक क्रमाचा क्रमांक कोणता, याला 'उद्दिष्ट' अशी नावे देऊन, खंडमेरू नावाच्या कोष्टकाच्या साहाय्याने दोन्ही प्रश्न सोडविण्याची रीत त्याने दिली आहे. संपूर्ण यादी लिहून न काढता तिच्यातील हव्या त्या ठिकाणी पोहोचणे हे आजच्या आज्ञावलीकाराचेही नित्याचे काम होय. यावरून मराठी विद्यार्थ्याला या विद्येत सर्वस्वी परक्या भूमीवर उभे राहावे लागत नाही, हे स्पष्ट होते.

तबल्यात ही सुटेपणाची वृत्ती आणखी पुढे गेली आहे. येथे प्रत्येक आघाताला उच्चारता येणारा बोल आहे. वादक रचना वाजविण्याआधी ती मुखाने म्हणतो. गुरू ती तोंडी देतो आणि शिष्य ती वहीत लिहून घेतो. कायदा आणि रेला या प्रकारांत तर विस्ताराचे नियमही ठरलेले आहेत. मूळ रचनेत जे बोल असतील त्यांचेच पलटे करावयाचे. आवर्तनाच्या खाली अंगात 'धा'च्या जागी 'ता', 'गे'च्या जागी 'के' याप्रमाणे भरीव बोलांचे बंद बोल होतात. आणि शेवट तिहाईने समेवर व्हावयाचा. तिहाईचे गणित तर उघडच बेरजेचे आहे. तीनतालात समेपासून उचल केली आणि पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेऊन मध्ये एकेक मात्रेचा दम ठेवला, तर पंधरा आणि दोन मिळून सतरा होतात. सतरावी मात्रा हीच पुढची सम. अशी रचना संगणकाच्या भाषेत पाचसहा ओळींत बसते आणि ती बसविताना तिच्यावर काहीही जुलूम होत नाही.

याचा सर्वांत गंभीर प्रयोग १९८० च्या दशकात झाला. बेलफास्ट येथे जॉन ब्लॅकिंग यांच्या हाताखाली तयार झालेले जेम्स किपेन हे लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्यासाठी फ्रेंच संशोधक बर्नार बेल यांनी 'बोल प्रोसेसर' ही प्रणाली तयार केली. चॉम्स्कीप्रणीत व्याकरणाच्या धर्तीवर कायद्याचे नियम तिला द्यावयाचे, तिने त्या नियमांनुसार नवे पलटे तयार करावयाचे आणि ते बरोबर की चूक याचा निर्णय उस्तादांनी द्यावयाचा, अशी तिची पद्धती होती. चुकीचा पलटा निघाला की व्याकरण दुरुस्त होई आणि पुन्हा परीक्षा होई. भरी-खालीचे रूपांतर दर्शविण्यासाठी या प्रणालीत स्वतंत्र चिन्हव्यवस्था होती. म्हणजे तबल्याची एक अंगभूत कल्पना तिच्या मूलतत्त्वांतच दाखल झाली होती.

या प्रयोगाचे महत्त्व त्यातून निघालेल्या पलट्यांपेक्षा त्याच्या निर्णयपद्धतीत अधिक आहे. वादक जे नियम सांगतो आणि जे नियम तो प्रत्यक्ष पाळतो, त्यांत अंतर असते. यंत्र सांगितलेला नियम तंतोतंत पाळते आणि त्यामुळे न सांगितलेला नियम कोठे आहे हे उघड करते. संगणकाच्या भाषेचा टीकाशास्त्रीय उपयोग हाच होय. या प्रयोगाचा प्रभाव पुढेही टिकला. आज्ञावली चालू असतानाच तिच्यात फेरफार करीत संगीत सादर करण्यासाठी ॲलेक्स मॅक्लीन यांनी तयार केलेल्या 'टायडल सायकल्स' या भाषेतील संक्षिप्त चिन्हलेखन बेल यांच्या प्रणालीच्या ऋणात आहे. आज जगात कोठेही एखादा तरुण त्या चिन्हांत ताल लिहितो तेव्हा तबल्याच्या बोलांमागील विचाराचा काही अंश त्याच्या हाती नकळत आलेला असतो.

४

भामरागडच्या रेल्याकडे वळताना प्रथम त्याची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळचा हा प्रदेश पूर्वी चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात आहे. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरचा अबुझमाड. माडियांची बोली द्राविड कुळातील आहे आणि महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून गणल्या जातात, त्यांत कातकरी व कोलाम यांच्याबरोबर माडिया गोंडांचा समावेश होतो. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केल्यानंतर या भागाचे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. परंतु तो परिचय प्रामुख्याने आरोग्य, शिक्षण आणि वन्यजीव यांच्या द्वारे झाला आहे; संगीताच्या द्वारे फारच थोडा.

विद्वानांच्या लेखनातही हीच उणीव आहे. बस्तरच्या माडियांवरील ग्रिगसन यांचा ग्रंथ १९३८ चा; मुरियांच्या घोटुलावरील एल्विन यांचा १९४७ चा. शामराव हिवाळे यांच्या सहकार्याने एल्विन यांनी मैकल पर्वतातील लोकगीतांचा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध केला. या पिढीच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, गीत म्हणजे शब्द आणि शब्द म्हणजे त्यांचे इंग्रजी भाषांतर, या समजुतीमुळे गाण्याचा ध्वनी त्यांच्या पानांतून निसटला. ध्वनिमुद्रण सुलभ झाल्यावर तो पुन्हा हाती येण्याची शक्यता निर्माण झाली. आणि आता ध्वनिरचनेच्या भाषांमुळे त्याचे नुसते श्रवण न करता त्याची पुनर्रचना करून परीक्षा घेण्याचीही.

माडियांचा रेला लग्नात, पंडुमाच्या सणांत आणि गावाच्या एकत्र येण्याच्या इतर प्रसंगी गाइला जातो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला किंवा खांद्याला हात घालून रांग धरतात. पावले एकाच वेळी पडतात आणि रांग वळत वळत पुढे सरकते. एक गट ओळ गातो, दुसरा ती उचलतो. ढोल असेल तर त्याचा आघात पावलांना धरून चालतो. ठेका स्थिर असतो. त्या दृष्टीने या संगीताला लयीचे बंधन नाही असे म्हणणे साफ चूक ठरेल. परंतु ओळ किती वेळा घोळवावयाची, पुढची ओळ केव्हा सुरू व्हावयाची, गाणे कोठे थांबवावयाचे, हे आरंभी ठरलेले नसते. ते रांगेत ठरते. पुढे असणाऱ्याला नवी ओळ सुचली, मागच्यांचा श्वास भरला, कोणी नवा येऊन रांगेत मिसळला, प्रसंग काही वेगळे मागू लागला, अशी त्याची कारणे असतात. येथे तबल्यासारखी प्रत्येक आघाताला स्वतंत्र नाव देणारी, मुखाने म्हणून शिकविण्याची पोथीही नाही. रेला शिकावयाचा म्हणजे रांगेत उभे राहावयाचे.

५

अशा वस्तूला प्राथमिक तंत्रांपैकी कोणते तंत्र लागू पडते, हे आता क्रमाने पाहता येईल.

पहिले तंत्र लूपचे. ढोलाच्या ध्वनिमुद्रणातून दोन-चार आघातांचा तुकडा कापून तो अखंड फिरत ठेवणे ही नवशिक्याची पहिली प्रवृत्ती असते आणि ऐकणाऱ्याला प्रथमदर्शनी ती पटतेही. कारण रेल्यात पुनरावृत्ती विपुल आहे. परंतु ही फसवणूक आहे. लूपमधील दुसरी फेरी पहिलीची प्रत असते. तिचा एकही नमुना बदलत नाही. रेल्यातील दुसरी फेरी पहिलीला दिलेला प्रतिसाद असतो. ती दुसऱ्या गटाच्या तोंडून येते, दुसऱ्या श्वासाने येते आणि पहिली ऐकल्यामुळेच येते. मराठीत लूपसाठी 'आवर्तन' हा शब्द योजण्याचा मोह होतो; तालशास्त्रात या शब्दाला जो अर्थ आहे त्यात समेवर परतण्याची जाणीव गृहीत आहे आणि यंत्राच्या लूपमध्ये तशी जाणीव नाही. म्हणून तो शब्द तेथे न वापरणेच बरे.

दुसरे तंत्र यदृच्छेचे. यंत्राची निर्जीवता झाकण्यासाठी आघातांच्या वेळेत वा जोरात किंचित अनियमितता मिसळण्याचा उपाय पाठ्यपुस्तके सुचवितात. त्यामुळे ध्वनी मृदू होतो यात शंका नाही. तथापि रांगेतील अनियमितता फाशाने ठरलेली नसते. पाऊल उशिरा पडले तर ते जमिनीच्या चढामुळे, थकव्यामुळे किंवा शेजाऱ्याकडे पाहिल्यामुळे पडलेले असते; आणि एकाचे पाऊल चुकले तर शेजारचा हात ते लगेच सावरतो. सकारण अनियमिततेच्या जागी निष्कारण अनियमितता ठेवणे म्हणजे चेहऱ्याच्या जागी मुखवटा ठेवणे होय. मुखवटा सुंदर असू शकतो. पण त्यावरून चेहऱ्याचा अभ्यास होत नाही.

तिसरे तंत्र समांतर क्रियांचे. दोन गटांसाठी दोन आज्ञावल्या चालू कराव्यात, हा मार्ग रेल्याच्या अधिक जवळ जातो. परंतु येथेच मूळ प्रश्न उभा राहतो : दुसऱ्या आज्ञावलीने आरंभ केव्हा करावयाचा? बहुतेक विद्यार्थी येथे कालावधी लिहितील : पहिलीनंतर चार सेकंदांनी किंवा आठ आघातांनी. तसे लिहिले की दोन गट एकाच घड्याळाचे दोन काटे होतात आणि संवाद संपतो.

'चक' या भाषेत यावर एक उत्तर उपलब्ध आहे आणि प्राथमिक अभ्यासात त्याकडे पुरेसे लक्ष दिले पाहिजे. 'आत्ता' या चलात कालावधीच टाकावा लागतो असे नाही. तेथे एखादी घटनाही टाकता येते. तसे केल्यास ती आज्ञावली ठराविक वेळ न मोजता त्या घटनेच्या खुणेची वाट पाहत राहते. खूण मिळाली की पुढे चालते, न मिळाल्यास तशीच थांबून राहते. म्हणजे या एकाच भाषेत काळाच्या दोन कल्पना नांदत आहेत : मोजलेला काळ आणि वाट पाहिलेला काळ. तबल्याचा रेला पहिल्या काळात संपूर्णपणे लिहिता येतो. भामरागडच्या रेल्याचा ठेका पहिल्या काळात आणि त्याची रचना दुसऱ्या काळात लिहावी लागते. हा भेद लूपच्या धड्याआधी शिकविला गेला, तर त्या भाषेतून लिहिल्या जाणाऱ्या संगीताचे स्वरूपच वेगळे होण्याचा संभव आहे.

अर्थात या उत्तरालाही मर्यादा आहे. खूण देणारी आज्ञावलीही त्याच लेखकाने लिहिलेली असेल, तर वाट पाहणे हे केवळ नाटक ठरते. कारण प्रश्न आणि उत्तर एकाच हातातून आलेले असतात. खूण ध्वनिग्राहकातून, प्रत्यक्ष गाणाऱ्या माणसाकडून आली तरच त्या घटनेला घटना म्हणता येईल. मग यंत्र रेला 'निर्माण' करीत नाही; फार तर ते रांगेच्या टोकाला उभे राहून ऐकू लागते. हे स्थान गौण आहे असे मानण्याचे कारण नाही. रेला शिकणाऱ्या प्रत्येकाचे पहिले स्थान तेच असते.

६

यावरून निर्णयाचा प्रश्न अटळपणे पुढे येतो. लखनौच्या प्रयोगात निर्णायक एक होता, तो बसून ऐकत होता आणि त्याच्या होकार-नकाराला परंपरेत मान्यता होती. हीच पद्धती जशीच्या तशी भामरागडला नेली, एखाद्या जाणत्या माणसाच्या कानांना यंत्र लावून 'हे बरोबर आहे का?' असे विचारले, तर मिळणारे उत्तर सौजन्याचे असेल, प्रमाणाचे नसेल. समूहगानाचे प्रमाण समूहाच्या पावलांत असते. पुनर्रचित ठेक्यावर रांग चालली की नाही, गाणाऱ्यांनी पुढची ओळ उचलली की नाही, की काही वेळाने सगळे हसून थांबले, यावरूनच त्या आज्ञावलीचे गुणदोष ठरावयास हवेत. किपेन व बेल यांचे तत्त्व, म्हणजे नियम यंत्राने सांगावा आणि निर्णय परंपरेने द्यावा, हे येथेही सोडावयाचे नाही. निर्णय देणारी परंपरा कोणत्या आसनावर बसली आहे किंवा कोणत्या जमिनीवर उभी आहे, हे मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावयाचे.

या संदर्भात बर्नार बेल यांचेच पुढील कार्य उद्बोधक आहे. पुण्याच्या 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेच्या द्वारे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतील जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्याच्या संगणकीय व्यवस्थेत व ध्वनिमुद्रणात १९९० च्या दशकापासून बेल सहभागी झाले. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या उपक्रमाद्वारे क्रमशः प्रकाशित होऊ लागला. तबल्याचे व्याकरण यंत्राला शिकविणाऱ्या संशोधकाने ओवीच्या बाबतीत नवी ओवी घडविणारे यंत्र केले नाही, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. त्या संग्रहात ओवीच्या शब्दांबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव, तिचा तालुका यांची नोंद आहे. ओवी कोणी म्हटली हे तेथे ओवीचे अंग मानले आहे. छंदाच्या दृष्टीने ओवीचे व्याकरण लिहिणे अशक्य नाही; परंतु ते लिहून हाती काय लागेल, याचा विवेक त्या कार्यात दिसतो. रेल्याच्या नोंदीतही गाव, प्रसंग, गट आणि रांगेतील पुढाकार यांना ठेक्याच्या आकड्यांइतकेच स्थान दिले पाहिजे.

शेवटचा मुद्दा हक्काचा आहे आणि तो तांत्रिक चर्चेच्या बाहेरचा नाही. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता होय. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांनाही काही हक्क स्पष्टपणे दिले. परंतु ज्या गीताचा कर्ता कोणी एक नाही, त्या गीतावर समूहाचा अधिकार कसा ओळखावयाचा, याचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यात नाही. पंडुमाच्या रात्री मुद्रित केलेला ढोलाचा चार सेकंदांचा तुकडा कोणाच्याही संगणकात जाऊन कोणत्याही गाण्याखाली फिरू शकतो. त्याच्यावर भामरागडचे नावही उरत नाही. लूपच्या तंत्राचा नैतिक दोष येथे त्याच्या सांगीतिक दोषाला येऊन मिळतो : दोन्ही ठिकाणी उत्तर देणारा माणूस गाळला जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात मात्र जैविक व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केलेला आहे. सामूहिक वनहक्कांच्या इतिहासात गडचिरोली जिल्ह्याचे स्थान अग्रभागी आहे; २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला मिळालेला हक्क सर्वश्रुत आहे. बांबूच्या बाबतीत ग्रामसभेची संमती घेण्याची शिस्त ज्या जिल्ह्याने देशाला दाखविली, त्या जिल्ह्यात ध्वनीच्या बाबतीत ती शिस्त पाळणे संशोधकांना अवघड वाटू नये. गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले असल्याने अशा कार्याला लागणारे अभ्यासाचे ठिकाणही आता दूर राहिलेले नाही.

सारांश, ध्वनिरचनेच्या भाषेचा त्याग करावा असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. नियम तंतोतंत पाळून अभ्यासकाचे अज्ञान त्याच्यासमोर ठेवणारे असे दुसरे साधन हाती नाही, आणि 'दुसरा गट केव्हा सुरू होतो?' हा प्रश्न तिने विचारला नसता तर तो कदाचित इतक्या स्पष्टपणे पुढे आला नसता. परंतु प्रश्न विचारणारी भाषा आणि उत्तर देणारा समूह यांची गल्लत होऊ देता कामा नये. तबल्याचा रेला आपले उत्तर बोलांच्या रूपाने बरोबर घेऊन येतो. भामरागडचा रेला ते रांगेत ठेवून येतो. आणि ज्या विद्यार्थ्याला ते हवे असेल त्याने आज्ञावलीचे शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून काही काळ पावले टाकण्याची तयारी ठेवली पाहिजे.